मिशनचा दवाखाना आणि घरची चौकशी

1936 हे साल मला फार जवळचं वाटतं. त्या वर्षी मुंबईत नागपाड्याला, क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने आणि टाटांच्या देणगीतून, समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था सुरू झाली. पुढे तीच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी अमेरिकेतून डॉ. ऑर्फा स्पायकर नावाच्या एक तरुण डॉक्टर वऱ्हाडात आल्या. भाषा शिकल्या, मुलूख पाहिला आणि दोन वर्षांनी, 1938 मध्ये, वाशिमला एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी दवाखाना उघडला. नाझरीन चर्चचा तो दवाखाना. चर्चच्या परदेशी कार्याचे आद्य प्रवर्तक हायरम रेनॉल्ड्स यांचं नाव त्याला दिलं गेलं. कागदोपत्री तो रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. आमच्या गावाकडच्या लोकांच्या तोंडी मात्र कायम ‘मिशनचा दवाखाना’.

नागपाड्यात पुस्तकांतून जे शिकवायला सुरुवात झाली होती, ते इकडे वाशिमला पुस्तकाशिवाय करणं भाग होतं. आजारी माणसाच्या मागे घर असतं, शेत असतं, सासू असते, सावकार असतो, आणि त्या सगळ्यांना वळसा घालून औषध पोटात जात नाही. मी वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या दवाखान्यात, वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी केली. नागपूरला शिकले, रिसोडच्या बाजूची असल्याने परत इकडेच आले. नोकरीत असताना एक गोष्ट वारंवार जाणवली. डॉक्टरांचा इतिहास कुठेतरी लिहिलेला सापडतो. घरची चौकशी करणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो मला माहीत आहे तेवढा इथे मांडते.

आधी मुलूख समजून घेतला पाहिजे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. बालाजीचं मंदिर आणि पद्मतीर्थ यांमुळे लोकांचं येणं-जाणं इथे पूर्वापार. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि वाशिम काही काळ जिल्ह्याचं ठिकाण झालं. 1905 मध्ये तो जिल्हा मोडला, वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेलं. पुढे 1 जुलै 1998 ला वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत आमच्या माणसाला मोठ्या कामासाठी अकोला गाठावं लागे. कचेरीचं काम असो की पोटाचं ऑपरेशन, वाट अकोल्याची, ऐंशी किलोमीटरच्या आसपास. कारंज्याला मूर्तिजापूर–यवतमाळ ही छोटी रेल्वे तरी होती, ज्या गाडीला लोक ‘शकुंतला’ म्हणतात. अकोला–वाशिम–हिंगोली रूळ मात्र स्वातंत्र्यानंतर पडला. म्हणजे 1938 मध्ये मिशनचा दवाखाना सुरू झाला तेव्हा रोगी येई तो बैलगाडीतून, नाहीतर चौघांच्या खांद्यावर बाजेवरून.

आणि रोग काय होते? 1899–1900 च्या दुष्काळाने वऱ्हाड पिंजून काढला. तोवर ‘इकडे दुष्काळ पडत नाही’ अशी या काळ्या मातीची ख्याती होती. त्याच सुमाराला प्लेग आला. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, तर मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सगळ्यात जास्त बळी गेलेल्या प्रदेशांपैकी एक ठरला. पटकी जवळजवळ दर उन्हाळ्या-पावसाळ्यात यायची, आणि मरीमायला कोंबडं देऊन गावाबाहेर पाठवणं हाच गावाचा उपाय होता. हिवताप आला की कोयनेल, तीही मिळाली तर. तहसिलीच्या गावी सरकारी दवाखाना असे, पण तिथे पुरुष डॉक्टर आणि बायका त्यांच्यापुढे जाणार नाहीत. बाळंतपण सुईणीच्या हाती, हाड बसवणं वैदूच्या, आणि उरलेलं देवाच्या.

म्हणून दवाखाना उघडणारी व्यक्ती बाई होती, याला वाशिममध्ये फार अर्थ होता. आडलेली बाळंतीण दोन-दोन दिवस घरात तडफडत ठेवली जायची, कारण ‘पुरुषाच्या हाती कशी द्यायची’ हा घरच्यांपुढचा खरा प्रश्न होता. बाई डॉक्टर आहे म्हटल्यावर सासूची एक अडचण तरी दूर झाली. दुसरी अडचण धर्माची. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. ते त्यांनी कधी लपवलं नाही आणि आपणही लपवू नये. पण ज्या बायकांनी तिथे मुलं जन्माला घातली, त्या बहुतेक बालाजीला जायच्या तशाच जात राहिल्या. आमच्या घरातली वडीलधारी माणसंही तसंच करत. अडलं की ‘मिशनात न्या’ म्हणत, आणि सुटका झाली की पद्मतीर्थावर जाऊन येत. दोन्हींत त्यांना काहीच विसंगत वाटत नसे.

डॉ. स्पायकर सुमारे चाळीस वर्षं इथे राहिल्या. त्यांच्यानंतर यायला निघालेल्या दोघींची गोष्ट वाशिममध्ये अजून जास्त माहीत असायला हवी. डॉ. एव्हलिन विटहॉफ आणि परिचारिका जेराल्डिन चॅपेल 1941 मध्ये भारताकडे निघाल्या. वाटेत मनिलाला असताना जपानने युद्ध पुकारलं आणि दोघी सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारातल्या छावणीत कैद झाल्या. फेब्रुवारी 1945 मध्ये सुटका होईपर्यंत तीन वर्षांवर काळ त्यांनी उपासमारीत काढला. सुटल्यावर माणूस घर गाठतो आणि तिथेच राहतो. या दोघी प्रकृती सावरून पुन्हा निघाल्या आणि जिथे यायचं ठरवलं होतं तिथे, वाशिमला, आल्या. ज्या गावाचं नाव तेव्हा मुंबईतही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, त्या गावाला दिलेला शब्द त्यांनी पाळला.

पण डॉक्टर कितीही मोठा असो, तो खाटेपाशी असतो थोडा वेळ. उरलेले तास परिचारिकेचे. वाशिमच्या मिशनमध्ये जीन डार्लिंग यांनी परिचारिकांचं शिक्षण उभं केलं, आणि तिथे शिकून तयार झालेल्या मुली हेच या दवाखान्याचं आमच्या मुलखाला मिळालेलं सगळ्यात मोठं देणं, असं माझं ठाम मत आहे. त्या काळी रोग्याचं अंग पुसणं, मळमूत्र काढणं हे काम बऱ्या घरातल्या मुलीने करायचं नाही असा समज होता. ख्रिस्ती झालेल्या, आधी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतल्या मुलींनी, अनाथ आणि टाकलेल्या बायकांनी हे काम उचललं. पांढरा गणवेश घातला, थर्मामीटर वाचायला शिकल्या, आणि गावच्या पाटलाच्या सुनेला ‘उशीर का केलात?’ असं बजावून विचारू लागल्या. जातीने ज्यांना दारात उभं केलं नसतं, त्या बाळंतिणीच्या उशाशी बसल्या. या बदलाची नोंद कुठल्याही अहवालात नाही.

हे फक्त मिशननेच केलं असंही नाही. नागपूरला कमलाताई होस्पेट यांनी हेच काम आपल्या समाजाच्या आतून केलं. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताई डफरीन हॉस्पिटलमध्ये परिचर्या शिकल्या आणि 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी मातृसेवा संघ सुरू केला. एका छोट्या प्रसूतिगृहापासून सुरू झालेलं हे काम विदर्भात ठिकठिकाणी पसरलं. 1958 मध्ये याच संघाने नागपुरात समाजकार्य शिकवणारी संस्था काढली. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी बाळंतिणीची खाट, मग समाजकार्याचं शिक्षण. बाळंतिणीला घरी सोडताना ‘हिला तिथे जेवायला कोण घालेल?’ हा प्रश्न ज्यांना पडला, त्यांनाच समाजकार्य शिकवण्याची गरज कळली.

मिशनच्या दवाखान्यांत आणि पुढे आमच्याकडेही एक जागा अशी होती की तिथे उभं राहिलं की घर समजायचं. ती म्हणजे नातेवाइकांची चूल. रोग्यासोबत आलेली माणसं आवारातच स्वयंपाक करत. तीन दगड, पऱ्हाट्यांचा जाळ, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. धुरामुळे आवारातल्या भिंतीचा खालचा भाग कायम काळा. कुणाच्या चुलीवर दूध तापतंय आणि कुणाच्या चुलीवर नुसतं पाणी, हे पाहिलं की कोणाला औषधाबरोबर आणखी काय लागेल ते कळायचं. कोणती सून एकटीच आहे, कोणाच्या सोबत नवरा आहे पण तो दुपारनंतर दिसत नाही, कोणाची भाकर शेजारच्या चुलीवरून येते, हे सगळं त्या धुरात दिसत असे. मी वॉर्डात जाण्याआधी चुलींवरून फिरून यायचे. आमच्या जुन्या सिस्टरबाईंनी मला हे शिकवलं. त्या म्हणायच्या, “पेपर मंग पाह्य, अगुदर चुली पाहून ये.”

दवाखान्याबाहेर, गल्लीत, घरचा डॉक्टर होता. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी तो बहुतेक नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये शिकलेला, लायसेन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी परवान्याचा अभ्यासक्रम केलेला. हे स्कूल 1914 मध्ये सुरू झालं आणि त्याने मध्य प्रांत-वऱ्हाडाला साधे, खेड्यात टिकणारे डॉक्टर दिले. त्याच्या दवाखान्यात लाकडी पार्टिशन असे, पार्टिशनच्या मागे कंपाउंडर, आणि कंपाउंडरच्या समोर मोठ्या बरण्या. रोग्याने घरून बाटली आणायची. कंपाउंडर तिच्यात मिक्श्चर भरायचा आणि कातरीने नक्षीसारखी कापलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवायचा. पट्टीचा एक दात म्हणजे एक डोस. अक्षर न येणाऱ्या बाईलाही औषध किती घ्यायचं ते कळावं, यासाठी कुणीतरी केलेला हा विचार आहे. उधारी वहीत लिहिली जायची आणि कापूस घरात आला की फिटायची. नाहीच आला कापूस, तर वही पुढच्या वर्षावर जायची.

या डॉक्टरला तीन पिढ्या ठाऊक असायच्या. आजोबांना दमा, बापाला दारू, मुलाला आता खोकला, हे त्याला विचारावं लागत नसे. मुलीचं स्थळ कुठे ठरलं, जमिनीचा वाद कुणाशी चालू आहे, भाऊ वेगळे कधी झाले, हे सगळं त्याच्या डोक्यात. औषध देताना तो हे सगळं धरून द्यायचा. त्याला समाजसेवक कुणी म्हणत नव्हतं, पण माझ्या कामातला अर्धा भाग तोच करत होता.

1936 नंतर मला जवळचं वाटणारं दुसरं साल 1946. त्या वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली, आणि त्याच वर्षी देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. समितीने म्हटलं होतं की या देशाला समाजाकडे पाहणारा डॉक्टर हवा, रोगाच्या मुळाशी असलेली गरिबी, पाणी, घर हे समजणारा. विचार मोठा होता. पण त्याच अहवालाने लायसेन्शिएटचा अभ्यासक्रम बंद करून सगळीकडे एकच पदवी ठेवावी असं सुचवलं. समितीतल्या काही सदस्यांचा याला विरोध होता. खेड्यांना डॉक्टर कुठून मिळणार, हा त्यांचा प्रश्न. पुढे नागपूरचं स्कूल बंद होऊन तिथे वैद्यकीय महाविद्यालय झालं. नवे डॉक्टर जास्त शिकलेले निघाले आणि त्यांतले बहुतेक शहरात राहिले. तालुक्याच्या गावातली ती खुर्ची काही काळ रिकामी राहिली आणि मग आयुर्वेद, होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरांनी ती भरली. त्यांनी आमच्या गावांत रात्री-बेरात्री दार उघडलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

1952 पासून विकास गटांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, 1962 मध्ये जिल्हा परिषदा झाल्यावर ती त्यांच्याकडे गेली. नर्सबाई सायकलवर गावात येऊ लागली. देवी गेली. नारू गेला, आणि त्याचं जाणं माझ्या दृष्टीने समाजकार्याचा सगळ्यात मोठा विजय आहे. नारूवर औषध नव्हतं, लस नव्हती. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरायचं, त्या पाण्यात अळ्या जायच्या, तेच पाणी पिण्यात यायचं, आणि वर्षभराने पायातून हातभर लांब दोरा बाहेर पडायचा. काडीवर गुंडाळत रोज थोडा-थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडायचा. उपाय एवढाच होता: पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, पायविहिरीत उतरू नका, हातपंप वापरा. घरोघर जाऊन हे सांगितलं गेलं, पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं, विहिरी पालटल्या गेल्या. 1996 मध्ये देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. विचारणं, ऐकणं आणि समजावणं यांनी एक रोग मुळासकट उपटला.

मी कामाला लागले तेव्हा क्षयरोग ही आमची रोजची लढाई होती. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना आधी दोन महिने रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन आणि मग वर्षभराहून जास्त गोळ्या. दोन महिन्यांत खोकला थांबायचा, अंगावर मांस यायचं, आणि माणूस यायचा बंद व्हायचा. डॉक्टर चिडायचे. त्यांच्या कार्डाच्या पुढच्या बाजूला वजन, थुंकीचा तपास, एक्स-रे. मागची कोरी बाजू त्यांनी मला दिली होती. तिथे मी पेन्सिलने लिहायचे: घरी कोण? सोबत कोण आलं? परतीची एसटी किती वाजता? आज किती मजुरी बुडाली? बकऱ्या कोण पाहतं? औषध घरात कुठे ठेवता? मागच्या वेळी थांबलात ते का?

यातला ‘औषध कुठे ठेवता’ हा प्रश्न नवख्यांना बिनकामाचा वाटायचा. पण बहुतेक बायका सांगायच्या, आढ्याला खोचून. मुलांच्या हाती लागू नये आणि घरात येणाऱ्याला दिसू नये म्हणून. पावसाळ्यात आढं गळायचं, कागदी पुडीतल्या गोळ्यांना बुरशी धरायची, आणि मग ‘औषधाने गुण आला नाही’ असा ठपका बसायचा. आम्ही डालड्याचे रिकामे डबे गोळा करायला लागलो. झाकण घट्ट बसायचं, आणि डब्यात मीठ-मिरचीही असते म्हणून शेजारणीला संशय यायचा नाही.

मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली बाई आठवते. वय तिशीच्या आत, तीन लेकरं. इंजेक्शनं पूर्ण केली, गोळ्या चालू होत्या, आणि दसऱ्याच्या तोंडावर आली ती निरोप घ्यायलाच.

“बाई, मले आता बरं वाटून राह्यलं. मुकडदम आला हाय, जाच लागते.”

नवऱ्याने पावसाळ्यात उचल घेतली होती. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती गेली नाही तर अर्धा कोयता, आणि उचल अंगावर. तिला ‘जाऊ नकोस’ म्हणणं सोपं होतं आणि निरुपयोगी होतं. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला आधी नकार दिला, तो त्यांच्या शिस्तीला धरूनच होता. मग आम्ही मुकादमाला बोलावलं. कारखाना कुठला, टोळी कुठे उतरणार, जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, हे त्याच्याकडून लिहून घेतलं. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे पत्र केलं, तिचं कार्ड दुसऱ्या कागदावर उतरवून दिलं, आणि एक महिन्याच्या गोळ्या डब्यात भरल्या. तांड्यातल्याच दुसऱ्या जोडीतल्या तिच्या जावेला समजावलं की रोज गोळी घेतली का ते तिने विचारायचं. होळीनंतर टोळी परत आली. ती आली, डबा रिकामा होता, कार्डावर तिकडच्या केंद्राचे शिक्के होते. पुढे तिने औषध पूर्ण केलं. या सगळ्यात औषधाचा एक मिलिग्रॅमही वाढवावा लागला नव्हता.

डॉक्टर आणि समाजसेविका एकाच कार्डाच्या दोन बाजूंवर लिहीत होते, म्हणून हे जमलं. कार्डं दोन झाली की रोगी मधल्या फटीत हरवतो. नंतरच्या वर्षांत नेमकं तेच होताना मी पाहिलं.

सोयी वाढल्या, हे मी मनापासून मान्य करते. 2005 नंतर आशाताई आल्या, आणि गावातल्या बाळंतपणाचं चित्रच पालटलं. रात्री दोन वाजता बाळंतिणीसोबत गाडीत बसणारी ही बाई म्हणजे जुन्या सिस्टरबाईंची खरी वारस. 2013 पासून राज्यभर जीवनदायी योजना आली, आता ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. हृदयाच्या ऑपरेशनसाठी वावर विकायची पाळी अनेक घरांवरची टळली. 2014 मध्ये 108 ची गाडी आली. पण प्रत्येक आजाराला वेगळी खिडकी झाली. एचआयव्हीचा समुपदेशक वेगळा, क्षयाचा कार्यकर्ता वेगळा, पोरींसाठी वेगळं, साखर-बीपीसाठी वेगळं, योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्र वेगळा. प्रत्येकाची वही वेगळी. घर मात्र एकच असतं. आजी साखरेची, मुलगा दारूचा, सून रक्त कमी असलेली, नात शाळा सोडलेली, हे चारही एकाच छपराखाली असतात आणि त्या छपराची वही कुणाकडेच नसते.

याची किंमत आम्ही फार मोठी मोजली. 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, शेतकरी आत्महत्यांमुळे. वाशिम त्यांतला एक. त्या काळात मी ज्या घरांत गेले, त्यांतल्या कितीतरी घरांतला माणूस आधी दवाखान्यात येऊन गेलेला होता. झोप येत नाही म्हणून, छातीत धडधडतं म्हणून, पोट जळतं म्हणून. गोळी दिली गेली, घरची चौकशी झाली नाही. बँकेची नोटीस आली आहे का, बोअर कोरडी गेली का, मुलीचं लग्न कधी आहे, हे विचारायला गर्दीच्या ओपीडीत वेळ नसतो. घरच्या डॉक्टरला हे न विचारता माहीत असायचं. पार्टिशनमागच्या त्या दवाखान्याबरोबर ते माहीत असणं गेलं. नंतर सरकारने या जिल्ह्यांत मानसिक आरोग्याचा प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो योग्यच होता. तो वीस वर्षं आधी, प्रत्येक दवाखान्यात, कार्डाच्या मागच्या बाजूला असायला हवा होता.

मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असतं. नागपूर, अकोल्याला मी असे सहकारी पाहिले आहेत. एकेकावर शेकडो खाटांचा भार. पण रोगी तिथे पोचतो तो शेवटी. त्याआधी तो रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम इथल्या दवाखान्यांत येऊन गेलेला असतो. घर जवळ असतं तिथे घराची चौकशी करणारं माणूस नाही, आणि घर दोनशे किलोमीटर मागे पडल्यावर ते भेटतं. हा उलटा क्रम सुलटा करायला फार पैसा लागत नाही. सहा तालुके आहेत. प्रत्येक ठिकाणी एक प्रशिक्षित समाजसेवक, सगळ्या आजारांसाठी मिळून एक, आणि डॉक्टरांच्या खोलीला लागून त्याची खुर्ची. समाजकार्य शिकलेली मुलं-मुली आपल्या जिल्ह्यातच आहेत, आणि त्यांतली कितीतरी नोकरीसाठी पुण्याला जातात.

2024 मध्ये वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 1938 च्या त्या जुन्या शाळेतल्या दवाखान्यापासून इथवर यायला श्याऐंशी वर्षं लागली. आताच्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहायचं असतं. हा नियम कुणाला हजेरीचा सोपस्कार वाटेल, पण या मुलखाला नेमकी त्याचीच गरज आहे. त्या मुला-मुलींना माझं सांगणं एवढंच: रक्तदाब मोजण्याआधी घरी कोण आहे ते विचारा, औषध कुठे ठेवलंय ते दाखवायला सांगा, आणि उत्तर लिहून ठेवा. तुमच्या महाविद्यालयाने कुटुंबवैद्यकाला आणि समाजसेवेला शेजारी-शेजारी जागा द्यावी, अशी मागणी तुम्ही स्वतः करा. आणि वाशिमकरांनो, ज्यांच्या घरी मिशनमधल्या जुन्या सिस्टरबाई, कंपाउंडर, सुईणी, तालुक्याचे डॉक्टर होऊन गेले, त्यांनी त्यांच्या वह्या, कार्डं, फोटो रद्दीत घालू नयेत. ते कागद या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोचवा. तिथे शिकणाऱ्यांना आपल्या आधी हे काम कोणी केलं ते कळलंच पाहिजे.